कसावा व शेंगवर्गीय आंतरपिके : केरळमधील एका पीकपद्धतीचा ऐतिहासिक मागोवा (१८८० ते २०००)

प्रस्तावना

महाराष्ट्रात उपवासाच्या दिवशी खाल्ला जाणारा साबुदाणा कसावा या कंदाच्या स्टार्चपासून तयार होतो. तो प्रामुख्याने तमिळनाडूतील सेलम परिसरातून येतो. साबुदाणा मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा असला तरी कसावा हे पीक मात्र येथील शेतीला जवळजवळ अपरिचित आहे. साबुकंद, टॅपिओका, मलयाळममधील मरचीनी अथवा कप्पा अशा विविध नावांनी ओळखले जाणारे हे पीक दक्षिण भारतात, विशेषतः केरळमध्ये, गरिबांचे अन्न म्हणून दीर्घकाळ महत्त्वाचे ठरले. या पिकाच्या ओळींमध्ये भुईमूग, चवळी, घेवडा यांसारखी शेंगवर्गीय पिके घेऊन त्याच जमिनीतून अधिक उत्पादन मिळविण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रीय संशोधनाचा विषय बनली.

आंतरपिकाची ही कथा वरवर पाहता केवळ कृषिविद्येची वाटते. परंतु एखादी पीकपद्धती 'उत्पादक' आहे किंवा नाही, हे कोणत्या मापाने ठरवायचे आणि ते माप कोणाच्या हिताचे असते, हा प्रश्न मूलतः इतिहासाचा आहे. प्रस्तुत निबंधात केरळच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) त्रावणकोर व केरळमधील कसावा पिकाच्या प्रसाराची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे.
२) मिश्र पिकांकडे पाहण्याच्या शास्त्रीय दृष्टिकोनात झालेल्या बदलाचा आढावा घेणे.
३) कसावा-शेंगवर्गीय आंतरपीक पद्धतीची उपयुक्तता व मर्यादा यांची कारणमीमांसा करणे.

कसाव्याचे आगमन आणि त्रावणकोर संस्थान

कसावा (मॅनिहॉट एस्क्युलेंटा) हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक होय. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेले. भारतात मलबार किनाऱ्यावर ते सतराव्या शतकात पोर्तुगीजांमार्फतच आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि पीक येणे आणि ते समाजाच्या आहारात रुजणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. केरळमध्ये दुसरी प्रक्रिया घडण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी या पिकाच्या लागवडीस उत्तेजन दिले. भातशेतीस योग्य अशी सखल जमीन त्रावणकोरमध्ये मर्यादित होती. उताराच्या जांभ्या जमिनीत, खत-पाण्याची फारशी अपेक्षा न ठेवता येणारे आणि काढणीची घाई नसणारे पीक म्हणून कसाव्याचे महत्त्व या राजाने ओळखले होते. श्रीकार्यम येथील संशोधन संस्थेने १९७७ मध्ये प्रसारित केलेल्या एका सुधारित वाणास 'श्री विशाखम' हे नाव दिले, ते याच स्मृतीपोटी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्रावणकोरमध्ये नारळ, रबर, मिरी या नगदी पिकांचा विस्तार झाला आणि तांदळासाठी संस्थान बाहेरील प्रदेशावर, विशेषतः ब्रह्मदेशावर, अधिकाधिक अवलंबून राहू लागले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेल्यावर ब्रह्मदेशी तांदळाची आवक थांबली. अशा बिकट परिस्थितीत कसाव्याने असंख्य कुटुंबांना तारले. याच सुमारास त्रावणकोरमधून मलबारच्या डोंगराळ भागात स्थलांतर करणाऱ्या शेतकऱ्यांनीही जंगल साफ केल्यावर पहिले पीक म्हणून बहुधा कसावाच लावला. आयात साबुदाणा व स्टार्च दुर्मीळ झाल्याने सेलम येथील साबुदाणा उद्योगाचा पायाही युद्धकाळातच घातला गेला. थोडक्यात, टंचाईने या पिकास प्रतिष्ठा दिली नाही, परंतु अपरिहार्यता दिली.

एका उणिवेची दोन रूपे

कसावा भरपूर उष्मांक देतो, परंतु त्याच्या ताज्या कंदात प्रथिनांचे प्रमाण जेमतेम एक ते दोन टक्के असते. केरळच्या सागरकिनारी ही उणीव मासळीने काही अंशी भरून काढली. कप्पा आणि मासळीचे कालवण ही जोडी तेथील श्रमिकांच्या ताटात स्थिरावली, ती केवळ चवीमुळे नव्हे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने संयुक्त राष्ट्रसंघासाठी केलेल्या व १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केरळविषयक अभ्यासानेही गरिबांच्या आहारातील कसाव्याच्या स्वस्त उष्मांकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

जमिनीच्या बाबतीतही अशीच उणीव होती. कसाव्याची लावणी साधारणतः ९० सेंटिमीटर अंतरावर होते. लावणीनंतर सुमारे तीन महिने त्याची वाढ मंद असते आणि ओळींमधील जमीन उघडी राहते. केरळमध्ये मे-जूनची लावणी आणि नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर एकाच वेळी येतात. त्यामुळे उतारावरील माती वाहून जाते. कसावा 'जमीन खाणारे पीक' आहे, हा समज जगभर पसरण्यामागे या धुपीचा मोठा वाटा होता. पुढे राइनहार्ट हॉवेलर यांच्या संशोधनातून असे दिसून आले की, प्रतिटन उत्पादनामागे कसावा इतर अनेक पिकांपेक्षा कमी नत्र व स्फुरद उचलतो. पालाशाची उचल मात्र लक्षणीय असते आणि कंदांबरोबर खोड-पालाही शेताबाहेर नेल्यास जमिनीची झीज वाढते. दोष पिकाचा जितका होता, त्याहून अधिक तो पीक घेण्याच्या रीतीचा होता.

शेंगवर्गीय आंतरपीक या दोन्ही उणिवांवर एकाच वेळी काम करते. त्याच्या पानांचे आच्छादन उघड्या जमिनीवर पावसाचा मारा झेलते, मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात आणि शेंगांतून कुटुंबास प्रथिने मिळतात. जे जमिनीस कमी पडते व जे ताटात कमी पडते, ते एकाच झाडाकडून मिळविण्याचा हा प्रयत्न होय.

मिश्र पिके आणि शास्त्रीय दृष्टिकोन

एका शेतात अनेक पिके घेणे ही भारतीय शेतकऱ्याची जुनी रीत आहे. ज्वारीत तूर किंवा बाजरीत मटकी घेणारा महाराष्ट्रातील शेतकरी आणि नारळाच्या छायेत कसावा, केळी, सुरण, वेलवर्गीय भाज्या लावणारा केरळमधील शेतकरी हे एकाच परंपरेचे वाहक आहेत. या रीतीचे मर्म काही परकीय निरीक्षकांनीही ओळखले होते. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात, भारतीय शेतकऱ्यास पिकांची फेरपालट कळत नाही हा समज चुकीचा असल्याचे सांगून एकाच शेतात एकत्र घेतल्या जाणाऱ्या पिकांचा दाखला दिला. हेलरीगेल व विल्फार्थ यांनी शेंगवर्गीय पिकांच्या नत्र स्थिरीकरणाचे रहस्य १८८६ ते १८८८ या काळात जर्मनीत उलगडले होते. म्हणजेच द्विदल पिकाच्या सोबतीचा शास्त्रीय खुलासा व्होल्कर यांच्या अहवालाच्या जेमतेम काही वर्षे आधी उपलब्ध झाला होता. पुसा व इंदूर येथे काम केलेल्या अल्बर्ट हॉवर्ड यांनीही १९४० मधील आपल्या ग्रंथात पौर्वात्य शेतकऱ्यांच्या मिश्र पिकांचा गौरव केला.

तथापि कृषी संशोधनाचा मुख्य प्रवाह सलग पिकाचाच राहिला. त्यामागे काही कारणे होती. रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेली प्रयोगरचना व विश्लेषणाची साधने एकाच पिकाच्या उत्पादनाची तुलना करण्यास अत्यंत सोयीची होती. दोन भिन्न पिकांचे उत्पादन एकत्र कसे मोजावे, यास सर्वमान्य उत्तर नव्हते. यंत्राने पेरणी व काढणी, रासायनिक खतांच्या मात्रा, सुधारित वाणांचा प्रसार या सर्वांना सलग पीकच अनुकूल होते. १९६० च्या दशकातील हरितक्रांतीने गहू व भाताच्या सलग पिकावर शिक्कामोर्तब केले. परिणामी मिश्र पीक हे मागासलेपणाचे लक्षण आहे, अशी धारणा दृढ झाली. जे मोजता येत नव्हते, ते अस्तित्वातच नाही असे गृहीत धरले गेले.

या धारणेस पहिला जोरदार धक्का आफ्रिकेतून बसला. उत्तर नायजेरियातील शेतकऱ्यांचा अभ्यास करून डेव्हिड नॉर्मन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, उपलब्ध जमीन, हंगामी मजुरी आणि जोखीम यांचा विचार करता छोट्या शेतकऱ्याची मिश्र पिके पूर्णतः तर्कसंगत ठरतात.

तिरुवनंतपुरम, १९७८

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९६३ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था स्थापन केली. संस्थेने १९७१ मध्ये एच-९७, एच-१६५ व एच-२२६ हे संकरित वाण प्रसारित केले. त्याच्या आगेमागे आंतरराष्ट्रीय पातळीवरही या उपेक्षित पिकाकडे लक्ष वळले होते. नायजेरियातील इबादान व कोलंबियातील काली येथील आंतरराष्ट्रीय कृषी संस्था १९६७ मध्ये स्थापन झाल्या. कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने १९७० च्या दशकात कसावा संशोधनास अर्थसाहाय्य दिले.

याच प्रयत्नांतून २७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९७८ या काळात तिरुवनंतपुरम येथे कसाव्यातील आंतरपिके या विषयावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, १० ते १३ जानेवारी १९७९ रोजी, हैदराबाद येथे इक्रिसॅट संस्थेने आंतरपिकांवरील आंतरराष्ट्रीय कार्यशाळा घेतली. छोट्या शेतकऱ्याची जी रीत दुर्लक्षित होती, ती या दोन कार्यशाळांनी संशोधनाच्या केंद्रस्थानी आणली. जगातील किमान एकतृतीयांश कसावा आंतरपिकासह घेतला जातो, हा अंदाजही याच काळातील साहित्यात रूढ झाला.

श्रीकार्यम येथील संशोधनातून निघालेल्या शिफारशीचे स्वरूप साधे होते. कसाव्याचे बेणे लावल्यानंतर लगेच ओळींमधील मोकळ्या जागेत भुईमूग, घेवडा अथवा चवळी पेरावी. वाण उभट वाढीचा व कमी मुदतीचा असावा, कारण पसरणारी चवळी कोवळ्या कसाव्यास झाकून टाकते. कसाव्याची पाने ओळी झाकू लागेपर्यंत हे पीक फुलोऱ्यातून शेंगांवर येते आणि सुमारे अडीच ते साडेतीन महिन्यांत निघते. कसावा पुढे आठव्या ते दहाव्या महिन्यापर्यंत शेतात राहतो. दोन्ही पिकांच्या गरजेची वेळ वेगळी असल्याने स्पर्धा कमी होते, हे या जोडीचे मर्म होय. मात्र खतांची मात्रा दोन्ही पिकांसाठी द्यावी लागते आणि आम्लधर्मी जांभ्या जमिनीत भुईमुगास चुन्याची गरज भासते. शेंगवर्गीय पीक कसाव्यास त्याच हंगामात फार मोठे नत्र पुरविते, ही कल्पनाही अतिशयोक्त आहे. स्थिर झालेला बराचसा नत्र दाण्यांतच जातो. काढणीनंतरचा पाला जमिनीत गाडला, तरच जमिनीस त्याचा खरा लाभ होतो.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. केरळमधील घराभोवतालच्या परसबागेत, म्हणजे पुरयिडममध्ये, दहा-वीस प्रकारच्या वनस्पती एकत्र नांदत असत. संशोधनाने त्यांतील दोन पिकांची जोडी निवडून तिला ओळी, अंतर व मात्रा दिल्या. यामुळे पद्धती मोजण्याजोगी व शिकविण्याजोगी झाली, परंतु मूळ रीतीची व्यापकता त्यात मावली नाही.

मोजमापाचा प्रश्न

आंतरपिकांचे मूल्यमापन करण्यासाठी मीड व विली यांनी १९८० मध्ये 'जमीन समतुल्यता गुणोत्तर' या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. आंतरपिकातून मिळालेले उत्पादन सलग पद्धतीने घ्यायचे झाल्यास किती जमीन लागली असती, हे या गुणोत्तरातून कळते. उदाहरणादाखल असे समजू की, सलग कसाव्याचे उत्पादन हेक्टरी २० टन व आंतरपिकासह १८ टन आहे, तर सलग भुईमुगाचे १.५ टन व आंतरपीक म्हणून ०.७५ टन आहे. जुन्या मापाने पाहिल्यास कसाव्यात १० टक्के तूट दिसते व पद्धती तोट्याची ठरते. नव्या मापाने ०.९० अधिक ०.५० म्हणजे १.४० हे गुणोत्तर येते. याचा अर्थ असा की, तेवढेच उत्पादन सलग पद्धतीने घेण्यासाठी १.४० हेक्टर जमीन लागली असती. शेत तेच, पिके तीच, निष्कर्ष मात्र उलट.

या मापावरही पुढे आक्षेप आला. हिब्श व मॅककॉलम यांनी १९८७ मध्ये 'क्षेत्र-काल समतुल्यता गुणोत्तर' मांडून असे दाखविले की, जमीन किती काळ अडकून राहते याचाही हिशेब धरला पाहिजे. वरील उदाहरणात कसाव्याचा कालावधी ३०० दिवस व भुईमुगाचा १०५ दिवस धरल्यास हे गुणोत्तर १.०७५ इतकेच येते. ४० टक्क्यांचा लाभ साडेसात टक्क्यांवर येतो. सलग भुईमूग निघाल्यावर रिकाम्या जमिनीत दुसरे पीक घेता आले असते, हे त्यामागील गृहीतक आहे. ज्याच्याकडे पाणी, भांडवल व मजूर आहेत, त्याच्यासाठी ते खरे आहे. दहा सेंट जमिनीवर वर्षभराचे अन्न काढणाऱ्या कुटुंबासाठी ते खरे असेलच असे नाही. प्रत्येक माप अचूक आहे. परंतु प्रत्येक मापामागे एक वेगळा शेतकरी उभा आहे.

मान्यता मिळाली, जमीन गेली

केरळमधील कसाव्याखालील क्षेत्र १९७५-७६ मध्ये सुमारे सव्वातीन लाख हेक्टर इतक्या उच्चांकास पोहोचले. तिरुवनंतपुरमची कार्यशाळा भरली, तेव्हा उतरण सुरू झाली होती. २००० च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १.१ लाख हेक्टरांवर आले. म्हणजेच ज्या पंचवीस वर्षांत आंतरपीक पद्धतीचे शास्त्र परिपक्व झाले, त्याच पंचवीस वर्षांत ती जेथे राबवायची त्या शेतांपैकी सुमारे दोनतृतीयांश शेते कसाव्यातून निघून गेली.

ही घट आंतरपीक पद्धतीच्या दोषामुळे झाली नाही. शिधावाटप व्यवस्थेतून तांदूळ सुलभ झाल्याने कसाव्याची अन्न म्हणून निकड ओसरली. आखाती देशांतून येणाऱ्या पैशामुळे आहाराच्या आवडी बदलल्या. शेतमजुरी वाढली. रबराला अनुदान व किफायतशीर भाव मिळाला आणि उताराची जमीन झपाट्याने रबराखाली गेली. रबराची रोपे लहान असेपर्यंत त्यांच्या ओळींत कसावा घेतला जाई. जे पीक एके काळी यजमान होते, ते काही वर्षांपुरते पाहुणे बनले. दुसरीकडे सेलम परिसरात बागायती कसावा स्टार्च व साबुदाण्याच्या कारखान्यांसाठी वाढला. तेथे एच-१६५ व एच-२२६ हे केरळमध्ये तयार झालेले वाण रुजले. १९८१ मध्ये सेलम येथे साबुदाणा व स्टार्च उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली.

पद्धतीच्या स्वीकारावर मजुरीचा किती परिणाम होतो, हे आशियातील अन्य अनुभवावरूनही स्पष्ट होते. १९९४ ते २००३ या काळात जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या साहाय्याने काही आशियाई देशांत शेतकऱ्यांच्या सहभागातून कसाव्यावरील प्रयोग झाले. व्हिएतनाममध्ये जमीनधारणा लहान व घरचे मनुष्यबळ पुरेसे असल्याने शेतकऱ्यांनी कसाव्यातील भुईमूग उत्साहाने स्वीकारला. थायलंडमध्ये क्षेत्र मोठे व मजूर महाग असल्याने तेथील शेतकऱ्यांनी आंतरपिकापेक्षा वाळ्याचे बांध व खते यांनाच पसंती दिली. पीक तेच, शास्त्र तेच, परंतु निर्णय भिन्न. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचेच होते.

निष्कर्ष

१) केरळमध्ये कसाव्याचा प्रसार राजाश्रय व युद्धकालीन अन्नटंचाई यांमुळे झाला. त्याच्यासोबत अन्य पिके घेण्याची रीत शास्त्रीय शिफारशीपूर्वीपासून छोट्या शेतकऱ्यांच्या व्यवहारात होती.

२) मिश्र पिकांची दीर्घकाळ झालेली उपेक्षा ही त्यांच्या अनुत्पादकतेमुळे नव्हे, तर प्रचलित मोजमापाच्या मर्यादेमुळे होती. १९७४ ते १९८० या अल्पावधीत माप बदलले आणि त्याबरोबर मतही बदलले.

३) शेंगवर्गीय आंतरपिकाचा लाभ वास्तव आहे, तथापि तो वाणाची निवड, पेरणीची वेळ, खतांची मात्रा व पाल्याचा वापर यांवर अवलंबून आहे. नत्राच्या आयत्या पुरवठ्याची कल्पना तितकीशी खरी नाही.

४) एखाद्या पद्धतीची शास्त्रीय सिद्धता तिच्या टिकावाची हमी देत नाही. मजुरी, बाजारभाव, शासकीय अनुदान व धान्यवाटप यांनी केरळमधील कसाव्याचे भवितव्य ठरविले.

महाराष्ट्रातील ज्वारी-तूर किंवा बाजरी-मटकी यांसारख्या पारंपरिक जोड्यांचा अभ्यास करतानाही हा अनुभव मार्गदर्शक ठरावा. केवळ हेक्टरी क्विंटलांचे आकडे पाहून जुनी जोडी मोडणे जितके घाईचे, तितकेच जमीन व मजुरीची बदललेली परिस्थिती न पाहता ती पुन्हा जोडण्याचा आग्रह धरणेही एकांगी होय. केरळमधील छोट्या शेतकऱ्याला कसाव्याच्या ओळींमधील मोकळी जागा दिसली होती. ती मोजण्याची रीत शास्त्रास सापडेपर्यंत त्या ओळींमध्ये रबराची रोपे उभी राहिली होती. ज्ञान आणि जमीन यांची वेळ जुळणे किती महत्त्वाचे असते, हेच या इतिहासातून अधोरेखित होते.